मारली नाही, सोडली

आबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि आज तो सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले. तुम्ही गेलात तेव्हा तुमची मिशी निम्मी काळी होती, माझ्या डोक्याचा पार कापूस झालाय. म्हणजे ओरडायचा मान आता माझा. नातीच्या दुरेघी वहीत लिहितेय. पानं तिनंच फाडून दिली, पेन्सिलही तिचीच, शेंड्याला गुलाबी खोडरबर असलेली. चौथीत माझी शाळा सुटली ते तुम्हाला ठाऊकच आहे, सोडवली तुम्हीच. तेव्हाच्या बाई म्हणायच्या, ‘बोलताना व्हतं म्हणा, लिहिताना होतं लिहा.’ तसं लिहायचा प्रयत्न करतेय. पण राग आला की माझा हात लिहायचं सोडून बोलायला लागतो, तेव्हा चालवून घ्या. एक मांजर येऊन वहीवर बसलंय, त्याच्या शेपटीखालून जेवढं पान दिसतंय तेवढ्यावर लिहितेय.

काल झालं काय, ते आधी सांगते. नात सांगलीहून सुट्टीला आलीय. माझ्या लेकीची लेक, आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळं ‘आजी’ म्हणताना अशी काही हवा सुटते की मला तिला दहादा ‘काय म्हणालीस?’ म्हणावंसं वाटतं. तुम्ही बघायला पाहिजे होतं तिला. मलकापूरच्या या घरी माझ्याकडं सध्या अकरा मांजरं आहेत. कुणी टाकलेली, कुणी हायवेवरून उचलून आणलेली. मी त्यांना काळी, धुरकट, एकडोळी असंच ओळखत होते. हिनं आल्या आल्या सगळ्यांचं बारसं केलं. भडंग, खारी, बुंदी, शेव, पापडी. ‘आजी, भडंगच्या वाटेला जाऊ नकोस, तो तिखट आहे.’ हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. शेजारीण म्हणाली, या वयात एवढं हसू नये, दम लागतो. लागू दे.

तर काल सकाळी ही ओट्याजवळ बसली आणि स्टीलची वाटी चमच्यानं वाजवायला लागली. टिंग टिंग टिंग. ‘याऽ, या सगळे, दूध आलंय!’ आणि मी काय करावं? मी धावत गेले आणि तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली. ‘वाटी वाजवायची न्हाई ह्या घरात! कितींदा सांगितलं तुला!’ एवढी मोठ्यानं ओरडले की अकराच्या अकरा मांजरं कपाटाखाली. तिचा ओठ थरथरला. पण ती रडणारी जात नाही, आपल्याच घरची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘का पण?’ मी वाटी वरच्या फळीवर ठेवली. मग म्हणाली, ‘तुझ्या आबांनी मनीला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडली, ती गोष्ट मला पाठ आहे. पण तू म्हणतेस मनी कुणाच्याच हाताला लागायची नाही, फक्त तुझ्याकडं यायची. मग त्यांनी तिला पकडली कशी?’ मी म्हटलं, ‘बघ बघ, दूध उतू जातंय.’ तिनं वळून ओट्याकडं बघितलं. गॅसवर काहीच नव्हतं. ‘आजी, तू खोटं बोललीस,’ ती म्हणाली. ‘चौथं शील मोडलंस.’ पंचशील मीच शिकवलंय तिला, भोगा आता. त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलेलं नाही. कालपासून ती माझ्याकडं असं बघतेय, जसं मी बाजारात तराजूच्या काट्याकडं बघते.

म्हणून लिहायला बसले. मनी आली ते साल दुष्काळाचं, बाहत्तरचं. पलूसच्या अलीकडं आपलं गाव, कृष्णेच्या काठाला, आणि गावाच्या खालच्या अंगाला आपली वस्ती. शाळा सोडून मी तुमच्याबरोबर आणि आईबरोबर खडी फोडायला यायची. तुमच्याकडं थोरला हातोडा, आईकडं बारका, मी पाटी भरायची. अकरा वर्षांची होते. दुपारी सरकारची सुकडी वाटायचे, पिवळं, गुळमट पीठ. माझी एक जर्मनची वाटी होती, आता ज्याला ॲल्युमिनियम म्हणतात ती, काठाला पोचा आलेली. तीत घ्यायची आणि अर्धी खायची. एक दिवस खडीच्या ढिगात काहीतरी कुई कुई करत होतं, बघितलं तर राखेच्या रंगाचं पिल्लू, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. ओच्यात घालून आणलं. उरलेली सुकडी पाण्यात कालवायची, उंबऱ्याच्या दगडावर वाटी आपटायची, टण टण, की मनी असेल तिथून यायची. कौलावरून, गंजीवरून, कुठूनही. आई हाक मारून दमायची, ती शेपूटसुद्धा हलवायची नाही. तुम्ही दिसलात की वळचणीला. त्या वर्षी माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती, तोंड उघडलं की तहान लागायची. ती मात्र बोलायची माझ्याशी. दिवसभर दगड वाहून आले की माझ्या पोटावर चढून बसायची, आणि रिकामं पोट गरम झालं की भरल्यासारखं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

आता तुमचं सांगते. तुम्ही वस्तीत मोठे. सगळ्यांत आधी दीक्षा तुम्ही घेतलीत. देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून कृष्णेत सोडलेत. गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलंत. दारोदार भाकरी मागायचं सोडलंत. हात जोडून वाकायचं सोडलंत. लोक म्हणायचे, ह्या माणसानं काय काय सोडलं! दर रविवारी समाजमंदिरात पांढरा सदरा घालून तुम्ही पंचशील म्हणायचात आणि आम्ही पोरं मागून. ‘पाणातिपाता’ म्हणताना तुमचा आवाज असा खोल जायचा, विहिरीतून आल्यासारखा. कुठल्याही जिवाला मारायचं नाही. मला तुमचा एवढा गर्व वाटायचा की मी ओळीत मुद्दाम पुढं बसायची, लोकांना दिसावं की ही त्यांची पोरगी.

आणि मग ते दूध. एका दुपारी आपण खडीवरून आलो तर गावातल्या बड्या बागायतदाराची थोरली सून वस्तीच्या तोंडाशी उभी. पुढं यायची नाही, तिथूनच बोलायची. संगं तिचा दीर, तोच आपल्या खडीच्या कामावर मुकादम. ती म्हणाली, ‘तुमच्या मांजरानं आमच्या दुधात त्वांड घातलं. समदं दूध उकिरड्यावर वतलं मी. ह्या दुस्काळात!’ आई काही भिणारी नव्हती. ‘आवं वैनी, तुमचा बोका तर चुलीम्होरं बसून रोज पितोय की. त्याचं चालतंय व्हय?’

‘तो आमच्यातला हाय.’

‘आन् ही?’

‘ही तुमच्यातली.’

मांजराला जात चिकटवलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. आणि त्या बोक्याचं आणि आपल्या मनीचं गंजीमागं काय चाललं होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती! आई म्हणाली, ‘मग मारा की तिला, तुमी मोठी मानसं.’ ती बाई दोन पावलं मागं सरली. ‘आगं बाई! मांजर मारल्यावर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतंय. तसलं पाप आमाला नगं. तुमीच काय ती करा.’ आणि तो मुकादम, तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तुम्हाला म्हणाला, ‘बघ गड्या. उद्यापासनं खडीवर कुणाला घ्याचं, कुणाला न्हाई, ती मला बी बघाय लागतंय.’

म्हणजे पाप त्यांला नगं, म्हणून हात तुमचे. मेलेलं ढोर ओढाय जसं बोलवायचे तसंच की हे! ढोर ओढायचं तुमी सोडलं व्हतं, आबा. आन् जित्तं मांजर न्यायला ‘व्हय’ म्हणालासा. मान खाली घालून. ती मान मी तवापातूर कवा खाली बघितली नव्हती. देव सोडताना ज्या माणसाचा हात कापला नाही, तो एका चरवीभर दुधाला वाकला.

घरी आल्यावर आई तुमच्यावर तुटून पडली. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बोललात. ‘मारायची न्हाई मी. पयलं शील मोडायचं न्हाई. नदीपल्याड सोडून येतो.’ आई म्हणाली, ‘सोडून येशीला, आन् खाईल काय? तितं मानसाला न्हाई!’ तुम्ही म्हणालात, ‘तिचं ती बघंल. मारत न्हाई, सोडतोय.’ त्या वर्षी तांबड्या मिलो ज्वारीची पोती आली होती, परदेशी, निळ्या अक्षरांची. त्यातलं एक तुम्ही दुसऱ्या दिवशी झटकून घेतलंत. तिला पोत्यात घातलीत. कशी घातलीत ते आत्ता लिहीत नाही, पेन्सिलीचं टोक मोडलंय, करून घेते. नदीपलीकडं गेलात आणि दिवस मावळायच्या आत रिकामं पोतं खांद्यावर टाकून परत आलात.

आबा, मला एक सांगा. मारणं आणि सोडणं यांत अंतर तरी किती असतं? एका नदीएवढं? आणि त्या वर्षी तर नदीत पाणीही नव्हतं. मांजर परत येऊ नये म्हणून पाणी ओलांडून सोडायचं, ही आपल्याकडची रीत. पण कृष्णेत तेव्हा मधोमध एक धार तेवढी, बाकी सगळी वाळू आणि डबकी. मी मनाशी म्हणायची, कोरडीच आहे, येईल. रोज खडीवरून आले की घाटाच्या पायरीवर जाऊन बसायची. वाटी बरोबर न्यायची, ओच्यात बांधून. पलीकडं आवाज गेला असता. पण वाजवायचा धीर होईना. का होत नव्हता, तेही पुढं. एक दिवस तुम्ही मला तिथून उठवायला आलात. खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘लळा लावून घेतलास म्हणून दुखतंय, पोरी. सोडायला शिक. भगवंतानं त्येच सांगितलंय.’ त्या वाक्याचा मला जेवढा राग आहे तेवढा पोत्याचाही नाही. भ्याला होतात तर ‘भ्यालो’ म्हणायचं होतं. उगी भगवंताला मधी का आणलंसा? त्यांनी राजवाडा सोडला तो आपल्या पायांनी चालत, कुणाला पोत्यात भरून न्हाई सोडलं!

मागच्या आठवड्यात हेच वाक्य माझ्या दारात येऊन उभं राहिलं, म्हणून तर सगळं पुन्हा उसळलंय. एक पांढरी गाडी थांबली. नवरा-बायको, दोघं शिकलेली, अंगाला वास मारलेली. हातात बुटाचं खोकं. खोक्यात चार पिल्लं, डोळेही न उघडलेली. तो म्हणाला, ‘आजी, तुम्ही मांजरं सांभाळता ना? आम्हाला मारवत नाही हो, म्हणून सोडायला आणली.’ बाई म्हणाली, ‘आमचं फार प्रेम आहे प्राण्यांवर.’ मी विचारलं, ‘ह्यांची आई कुठाय?’ तर म्हणते, ‘तिला ठेवलीय. ती उंदीर धरते ना.’ आबा, माझ्या डोक्यात असा जाळ झाला! मी म्हटलं, ‘व्हय? मग तुमचं पोरगं बी सोडून जावा हितं. तुमी जावा घरी, तुमी कामाच्या हायसा!’ गाडी जी गेली ती वळून बघितलं नाही. नात दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग आम्ही दोघींनी कापसाचा बोळा दुधात बुडवून पिल्लांना पाजलं. तीन जगली. चौथं तिच्या तळहातावर गेलं. तिनं शेवग्याखाली स्वतः खड्डा केला, फुलं ठेवली आणि शेवटी आपल्या वाटणीचं एक बिस्कीट. ‘भूक लागली तर?’ म्हणाली. मी तिसरण म्हणत होते, माझा आवाज तिथंच फुटला. त्या शेवग्याखाली माझी किती मांजरं आहेत ते मलाही सांगता यायचं नाही. आमच्या शेवग्याला शेंगा मात्र गल्लीत सगळ्यांत जास्त लागतात. शेजारीण आमटीला मागून नेते, तिला मी कारण सांगितलेलं नाही.

कुठं होते मी? हां, सोडायचं चाललं होतं. दुष्काळ गेला, मी वाढले, तुम्ही माझं लग्न केलंत. यांची नोकरी कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत. मला पोचवायला तुम्हीच आलात. घाटाच्या वळणावळणाला मी खिडकीतून मागं बघत खुणा पाठ करत होते. हा वाकडा आंबा, ही चुना लावलेली धोंड, हे नळाचं वळण. मांजरासारखी. परत यायचा रस्ता. घरी जाऊन तुम्ही आईला काय म्हणालात ते मला आईनंच पुढं सांगितलं. ‘पोरीला सोडून आलो.’ सगळेच बाप म्हणतात तसं, मला कळतं. पण मला तो शब्द ऐकला की पोतं दिसतं, त्याला मी काय करू?

तिथं जमीन हलायची. मोठा भूकंप होऊन गेला होता, पण बारके हिसके येतच राहायचे. एका सकाळी फळीवरची जर्मनची भांडी आपोआप वाजायला लागली, टण टण टण. मी अंगणात पळाले. सगळं थांबल्यावर आत येऊन बघते तर चुलीपुढं एक मांजर. नुसती हाडं, एक कान फाटलेला. वाटी वाजली म्हणून आलं होतं! मी वाजवली नव्हती, आबा. जमिनीनं वाजवली होती. आमचे हे म्हणाले, ‘हाकल त्याला.’ मी म्हटलं, ‘हे बोलावल्यावर आलंय.’ तिथून हे सगळं सुरू झालं, ते आजच्या भडंगपर्यंत.

आणि मग सुगी झाल्यावर तुम्ही आलात. शेंगांचं पोतं खांद्यावर, घाम गळतोय. मी आनंदानं पुढं झाले, आणि पोतं बघितलं. तेच. निळी अक्षरं पुसट झालेली, पण तेच. ते मांजर येऊन पोतं हुंगायला लागलं. तुम्ही त्याच्या डोक्याकडं हात नेलात आणि मागं घेतलात, मी बघितलं. मग म्हणालात, ‘बाय, हे कशाला पाळलंस? उद्या बदली झाली मंजी? लळा लावून घिऊ नगंस. सोडायला शिक.’

मी म्हणाले, ‘तुमी शिकीवलंयसा की! जाताना ह्याला बी घाला पोत्यात. हितं कोयना भरल्याली हाय, परत याचं न्हाई.’

यांच्या हातातला चहा सांडला. तुम्ही शेंगा कोपऱ्यात ओतल्यात, पोतं झटकलंत, घडी करून काखेत मारलंत. चहा बशीत ओतून पुरता प्यालात. ‘येतो,’ म्हणालात. एसटीपर्यंत सोडायलासुद्धा मी आले नाही. दारातूनच बघितलं, काखेत पोतं आणि पायात ती टायरची चप्पल. पुढच्या पावसाळ्यात तार आली. मी घाट उतरून पोचेपर्यंत तुम्हाला नेलेलं होतं. माझी वाट बघितली नाही कुणी. सोडून गेलात.

आमच्या विहारात पौर्णिमेला भंते सांगतात, धरून ठेवल्यानं दुःख होतं, सोडा. एकदा मी मध्येच विचारलं, सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. म्हटलं, ‘भंते, सोडायला शिकायचं कुणी? ज्याच्या हातात पोतं हाय त्यानं, का जे पोत्यात हाय त्यानं?’ ते तरणे आहेत, माझ्या लेकीपेक्षा लहान. हसले आणि म्हणाले, ‘आजी, जो धरून बसलाय त्यानं.’ लय राग आला मला. बरोबर बोलले म्हणून जास्त आला. कारण मांजरांना मी कधी धरून ठेवलेलं नाही. दार उघडं असतं. येतात, जातात, हायवेला सापडतात, म्हातारी होऊन माझ्या मांडीवर मरतात. मी रडते, पुरते, हात धुते आणि राहिलेल्यांना खायला घालते. ते मला जमतं. तुमच्यावरचा राग तेवढा हातातून सुटत नाही. आणि तो का सुटत नाही, ते मला ठाऊक आहे.

पेन्सिलीला टोक केलंय. हे शेवटचं पान.

दुसऱ्या दिवसाची दुपार आहे. आई अजून खडीवर आहे, आपण दोघं आधी आलोय. तुम्ही अंगणात पोतं पसरून उकिडवे बसलाय. मनी कौलावर. तुम्ही ‘ये ये’ करताय, ती तुमच्याकडं बघून डोळे मिटतेय. दोनदा तुम्ही भिंतीवर चढलात, दोनदा ती पलीकडच्या पाख्याला गेली. मुकादमाचा माणूस वाटेवर उभा राहून विडी ओढतोय आणि बघतोय. तुम्ही खाली उतरता. माझ्याकडं बघता. दरडावत नाही, हात उगारत नाही. ‘पोरी, ती तुलाच येती,’ एवढंच म्हणता. मी न्हाई म्हणाले आसते तर तुमी काय केलं नसतं, आबा. तुमचं त्वांडच सांगत व्हतं, हिनं न्हाई म्हणावं. पर मला भूक लागली व्हती. मला उद्याची सुकडी दिसत व्हती. मी आत गेले, जर्मनची वाटी आणली, आन् उंबऱ्याच्या दगडावर वाजीवली. टण टण. मनी आली. धावत आली. वाटीत त्वांड घातलं तिनं. वाटी रिकामी व्हती. तिनं वर माझ्याकडं बघितलं, तवर तुमी पोतं टाकलं.

आईनं तुमाला महिनाभर बोल लावले, तुमी कुणाला सांगितलं न्हाई. कोयनेला मी पोत्यावरनं तसलं बोलले, तवा बी एका शब्दात माझं त्वांड गप करता आलं आसतं. ‘वाटी कुणी वाजीवली?’ एवढंच म्हणायचं व्हतं. म्हणाला न्हाईसा. चहा प्यालासा आन् गेलासा. त्याचा राग लय हाय, आबा. समद्यांत जास्त त्याचा हाय. मी आजवर जगाला सांगत आले, माझ्या बापानं माझं मांजर सोडलं, आन् तुमी तिकडनं बी गप.

हे कुठं पाठवायचं नाहीच. बाकीची पानं मी गादीखाली सारणार आहे. हे एवढं शेवटचं पान पिल्लांच्या खोक्यात, तळाला घालणार आहे. ते खोकं नात रोज सकाळी स्वतःच्या हातानं साफ करते, मला हात लावू देत नाही. आणि कसलाही कागद ती वाचल्याबिगर टाकत नाही. मला ठाऊक आहे.